इतिहासाच्या पोतडीतून : फौज कुणाच्या हवाली?

दोस्तांनो, बुद्धिबळाच्या पटावर एक गंमत तुम्ही रोज पाहता. राजा बिचारा एकेक घर सरकतो आणि वजीर मात्र साऱ्या पटभर हुंदडतो. वजिराच्या अंगात एवढं बळ, तरी तो आपल्या राजावर कधी उलटत नाही. कारण सोपं आहे. तो लाकडाचा असतो!

खऱ्याखुऱ्या राजांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. राज्य वाढलं की राजाला चारी सीमांवर स्वतः धावता येत नाही. मग साऱ्या फौजेवर एक मुख्य माणूस नेमावा लागतो. आणि तो नेमला की राजाची झोप उडते. ज्याच्या एका शब्दासरशी हजारो तलवारी म्यानातून बाहेर येतात, त्याच्या मनात काय चाललंय हे कोणी सांगावं? पण नेमल्याशिवाय चालतही नाही. आज पोतडीतून निघाली आहे ती अशाच एका पदाची गोष्ट. पद मध्ययुगातल्या जॉर्जियाच्या दरबारातलं, आणि त्याचं नाव अमीरस्पासालार.

जॉर्जिया म्हटल्यावर अमेरिकेचा नकाशा उघडू नका हं. त्या नावाचं एक राज्य तिथेही आहे, पण आपला जॉर्जिया निराळा. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्यामध्ये कॉकेशस पर्वताची रांग दिसेल. तिच्या दक्षिणेला, काळ्या समुद्राला टेकून हा चिमुकला देश आहे. राजधानी त्बिलिसी. आजोबांच्या शाळेतल्या नकाशात तो वेगळा दिसणार नाही, कारण तेव्हा तो सोव्हिएत संघात होता. १९९१ साली तो स्वतंत्र झाला.

आता ते लांबलचक नाव. ते वाटतं तेवढं परकं नाही, बरं का. ‘अमीर’ हा अरबी शब्द, म्हणजे सरदार, मुख्य. ‘स्पासालार’ म्हणजे फारसी ‘सिपहसालार’. सिपाह म्हणजे फौज आणि सालार म्हणजे तिचा म्होरक्या. याच ‘सिपाह’पासून आपला ‘शिपाई’ आला. आपल्याकडे शिवरायांच्या दरबारात ‘सरनोबत’ होते. तोही शब्द फारसीच! त्या काळी फारसीचा शब्द काळ्या समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत कसा चालत होता, ते यावरून दिसतं.

हे पद निघालं कशातून? इ. स. १०८९ साली डेव्हिड नावाचा सोळा वर्षांचा मुलगा जॉर्जियाच्या गादीवर बसला. म्हणजे आजच्या हिशेबाने दहावी-अकरावीतला! तेव्हा सेल्जुक तुर्कांच्या स्वाऱ्यांनी देश पिळून निघाला होता. राजाची अशी स्वतःची फौज फारशी नव्हती. सैनिक असायचे ते बड्या सरदारांचे. राजाने बोलावलं की सरदार आपापले शिपाई घेऊन येणार, आणि रुसले की घरी बसणार. अशाने लढाया कशा जिंकायच्या?

डेव्हिडने यावर मोठा धाडसी उपाय शोधला. कॉकेशसच्या पलीकडच्या गवताळ मैदानात किपचाक नावाचे भटके लोक राहत. घोड्यावर जन्मले की काय असे पटाईत स्वार! डेव्हिडची राणी त्यांच्याच सरदाराची लेक होती. इ. स. १११८च्या सुमारास त्याने त्यांची सुमारे ४०,००० कुटुंबं आपल्या राज्यात आणून वसवली. त्यांना जमिनी दिल्या, आणि प्रत्येक कुटुंबाने एक लढवय्या द्यायचा असं ठरवलं. शिवाय पाच हजार निवडक स्वार खास राजाचे. १२ ऑगस्ट ११२१ या दिवशी दिदगोरी इथे त्याने आपल्याहून कितीतरी मोठ्या फौजेचा धुव्वा उडवला, आणि पुढच्याच वर्षी त्बिलिसी घेतलं. लोक त्याला ‘डेव्हिड बांधणारा’ म्हणतात. राज्य बांधणारा, या अर्थाने.

आता बघा, सरदारांचे शिपाई निराळे, राजाचे निराळे, किपचाक स्वार निराळे. या साऱ्यांची मोट बांधायला एक घट्ट हात हवा. बाराव्या शतकात तो हात अमीरस्पासालारचा झाला. दरबारात राजाचे चार-पाच मुख्य मंत्री असत. एक चिटणीसांचा प्रमुख, एक खजिनदार, एक चोपदारांचा प्रमुख, एक राजवाड्याचा कारभारी, आणि फौजेचा हा. चोपदारांच्या प्रमुखाचं जॉर्जियन नाव एकदा मोठ्याने वाचून बघा : मंदातुर्तुखुत्सेसी. जीभ सुटली का? यातला ‘उखुत्सेसी’ म्हणजे थोरला. दंड हातात धरणाऱ्या सगळ्या चोपदारांमधला थोरला तो. अमीरस्पासालारच्या हाताखाली ‘अमीराखोरी’ असे, म्हणजे घोड्यांच्या पागेचा मुख्य. घोडदळावर सारी लढाई असायची, तेव्हा तो काही साधा माणूस नव्हे. दरबारात कुणी कुठे बसायचं, कुणी उभं राहायचं, कुणाचा मान काय, हे सगळं लिहून ठेवलेलं चौदाव्या शतकातलं एक जॉर्जियन पुस्तक सापडलं आहे. १९२० साली ते छापलं गेलं. मानापानावरून तिथेही रुसवेफुगवे होत असणार, त्याशिवाय कुणी एवढं लिहून ठेवील?

डेव्हिडनंतर हे पद ऑर्बेली नावाच्या घराण्यात मुरलं. बापानंतर मुलगा असं चालू झालं. राजाला वाटलं, पिढ्यान्‌पिढ्या निष्ठेने राहणारं घर आहे, यांच्याइतका भरवसा कुणाचा? आणि इथेच घोळ झाला.

डेव्हिडचा नातू गिओर्गी हा तिसरा गिओर्गी. तो गादीवर आला, पण त्याच्या वारलेल्या थोरल्या भावाला एक मुलगा होता, देम्ना. गादी खरी याची, असं अनेकांना वाटे. देम्ना वाढला तो अमीरस्पासालार इवाने ऑर्बेलीच्या छायेत. पुढे इवानेने त्याला आपली मुलगी दिली. आता जावई राजा झाला तर सासऱ्याला काय कमी? इ. स. ११७७ साली इवानेने बंड पुकारलं. कल्पना करा, राजाच्या संरक्षणासाठी जो नेमला तोच फौज घेऊन राजावर निघाला!

गिओर्गी डगमगला नाही. त्बिलिसीत राहून त्याने माणसं जमवली. किपचाक स्वार त्याच्या बाजूला उभे राहिले. त्यांचा म्होरक्या होता कुबासार. त्याचं नाव लक्षात ठेवा. बंडवाले मागे हटत हटत लोरीच्या किल्ल्यात शिरले. खोल दऱ्यांच्या बेचक्यातला हा किल्ला, आज तो आर्मेनियात आहे. गिओर्गीने वेढा घातला. दिवस गेले तसे एकेक सरदार गुपचूप निसटून राजाला सामील होऊ लागले. शेवटी खुद्द देम्नाच दोराने तटावरून खाली उतरला आणि काकाच्या पायाशी गेला, असं सांगतात. त्याचा उपयोग झाला नाही. काकाने त्याचे डोळे काढवले, आणि इवानेचेही. देम्ना फार दिवस जगला नाही. ऑर्बेली घराण्यातली जी माणसं हाती लागली ती मारली गेली. एवढंच नव्हे, त्यांचं नावसुद्धा दप्तरातून खोडून टाकण्याचा हुकूम निघाला.

पण नाव खोडणं इतकं सोपं नसतं. इवानेचा भाऊ मदत आणायला म्हणून आधीच देशाबाहेर गेला होता, तो वाचला. त्याच्या वंशात पुढे स्तेपानोस ऑर्बेलियान नावाचा एक विद्वान धर्मगुरू आर्मेनियात झाला. त्याने तेराव्या शतकाच्या अखेरीस इतिहासाचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यात आपल्या घराण्याची ही सगळी कहाणी लिहून ठेवली. नावं खोडण्याच्या हुकुमाचीही!

आता गिओर्गीपुढे तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. फौज कुणाला द्यायची? या वेळी त्याने अगदी उलटा विचार केला. बडं घराणं नको, जहागीर-वतनवालं नको. ज्याच्यामागे राजाशिवाय कुणीच नाही असा माणूस हवा. त्याने कुबासारला, एका किपचाकाला, अमीरस्पासालार केलं. मला विचाराल तर चाल मोठी हुशारीची होती. पण बडे सरदार आतल्या आत धुमसू लागले. या परक्या, लहान घरच्या माणसाच्या हुकमात आम्ही राहायचं? राजा जिवंत होता तोवर कुणी तोंड उघडलं नाही.

इ. स. ११८४ साली गिओर्गी वारला, आणि राज्य आलं त्याच्या मुलीकडे. तिचं नाव तामार. बंडानंतर पुढच्याच वर्षी, ११७८ साली, बापाने तिला आपल्या शेजारी बसवून राज्याभिषेक केला होता. ‘राजा’साठी जॉर्जियन शब्द आहे ‘मेपे’. त्यात पुरुष-बाई असा फरक नाही, म्हणून तामारलाही मेपेच म्हणत. पण शब्द सारखा असला तरी सरदारांचं वागणं सारखं नव्हतं. बाप जाताच ते उठले. कुबासारला काढा! कुबासार तेव्हा आजारी होता, अंग लुळं पडलं होतं, वाचा गेली होती. तामारला मान तुकवावी लागली. पद गेलं, पण तिने त्याला कैदेत टाकलं नाही की डोळे काढवले नाहीत.

एवढ्यावर थांबतील तर ते सरदार कसले! खजिनदार कुतलू आर्सलान याने तर कमालच केली. त्याला स्वतःलाच अमीरस्पासालार व्हायचं होतं. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी मागणी केली, की त्बिलिसीजवळ इसानी इथे एक मंडप उभारू, तिथे आम्ही बसून कारभार ठरवू, आणि राणीने त्यावर फक्त होकार द्यावा. इंग्लंडातल्या सरदारांनी राजाकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला तो १२१५ साली. ही मागणी त्याच्याही तीसेक वर्षं आधीची! तामारने कुतलू आर्सलानला पकडलं. त्याचे साथीदार हत्यारं घेऊन चालून यायला निघाले. आता रक्त सांडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण तामारने त्यांच्यावर फौज धाडली नाही. दोन प्रतिष्ठित बायका बोलणी करायला पाठवल्या. त्यांनी काय जादू केली कोण जाणे, सरदार आले, राणीपुढे झुकले आणि शपथा घेऊन घरी गेले. खजिनदाराला पद काही मिळालं नाही.

तामारने फौज दिली सार्गिस म्खारग्रझेली याला. या आडनावाचा अर्थ ‘लांब बाहूंचा’. आपल्याकडे आजानुबाहू म्हणतात ना, अगदी तेच! सार्गिस ११८७ साली वारला. तेव्हा तामारने पद लगेच त्याच्या मुलाला दिलं नाही. गाम्रेकेली तोरेली नावाच्या दुसऱ्या सरदाराला दिलं. तो ११९१मध्ये गेला. त्याच वर्षी तामारच्या पहिल्या नवऱ्याने, युरी नावाच्या रशियन राजपुत्राने, बाहेरून येऊन गादीसाठी बंड केलं. म्खारग्रझेली बंधू त्या कसोटीत तिच्या बाजूला राहिले. मगच सार्गिसचा मुलगा झकारिया अमीरस्पासालार झाला. घराणं पाहिलं, पण माणूसही पारखून घेतला.

पुढची वीस-एकवीस वर्षं झकारिया फौजेचा मुख्य होता, आणि जॉर्जियाच्या इतिहासातला तो सोन्याचा काळ. ११९५ साली शामकोरच्या लढाईत शत्रूच्या फौजेतलं खलिफाचं निशाण हाती लागलं. ते आणलं शाल्वा अखालत्सिखेली नावाच्या तरण्याबांड सरदाराने. हेही नाव ध्यानात असू द्या. ११९९च्या सुमारास आनी हे जुनं, देखणं शहर तामारने झकारिया आणि त्याचा धाकटा भाऊ इवाने यांच्या हवाली केलं. आज तुर्कस्तानच्या सीमेवर त्याचे भग्न अवशेष उभे आहेत.

मग आलं १२०२ साल. तुर्की सुलतान रुकनुद्दीन मोठी फौज घेऊन निघाला आणि त्याने तामारकडे वकील पाठवला. पत्र उद्धट होतंच, पण वकील भर दरबारात राणीच्या लग्नाबद्दल वाटेल ते बोलला. जॉर्जियन बखरकार सांगतात, की झकारिया उठला आणि त्याने वकिलाच्या अशी एक ठेवून दिली की तो जागच्या जागी आडवा झाला. तू वकील नसतास तर आधी जीभ गेली असती आणि मग डोकं, असंही त्याला सुनावलं. वकिलावर हात टाकणं वाईटच, पण बखर लिहिणाऱ्याला हा प्रसंग लिहिताना भारी आनंद झालेला दिसतो! फौज जमली. तामार तिच्याबरोबर वार्द्झियापर्यंत गेली. वार्द्झिया म्हणजे डोंगराच्या कड्यात कोरलेला मठ, आपल्याकडच्या लेण्यांची आठवण व्हावी असा. तिथे तिने अनवाणी जाऊन प्रार्थना केली आणि निशाण फौजेच्या हाती दिलं. साऱ्या फौजेसोबत तिचा दुसरा नवरा डेव्हिड सोस्लान होता. आघाडीला झकारिया, इवाने, शाल्वा. बासियानच्या मैदानात सुलतानाचा पराभव झाला, तो पळाला. त्याच्या बाजूचा एक मोठा अमीर कैद झाला, तो तर एका घोड्याच्या नालेच्या बदल्यात विकला गेला म्हणतात. पैशांसाठी नव्हे, फजिती करण्यासाठी!

याच काळात शोता रुस्तावेलीने ‘बिबट्याचं कातडं पांघरलेला वीर’ हे महाकाव्य लिहिलं. जॉर्जियातलं हे सर्वांत लाडकं पुस्तक. त्यातला एक नायक अवथांदिल हा सेनापती आणि सेनापतीचा मुलगा. दुसरा, तारिएल, आहे चक्क भारताचा! अर्थात तो भारत कवीच्या मनातला. राजाला मुलगा नाही म्हणून तो आपल्या मुलीला गादीवर बसवतो, अशी त्याची सुरुवात आहे. ऐकणाऱ्यांना कुणाची आठवण झाली असेल, ते सांगायला नको.

१२१२च्या सुमारास झकारिया वारला. तामारने भावाची जागा इवानेला देऊ केली. तो म्हणाला, भावाच्या आसनावर बसायची माझी योग्यता नाही, मला ‘आताबेग’ करा. आताबेग हा तुर्की दरबारातला मान, म्हणजे राजाचा जणू पालकच. नम्रपणा म्हणावा की आणखी वरचं पद मागण्याची युक्ती? मला तरी दुसरंच वाटतं. नाव काही का असेना, फौज आता इवानेच्या हाती आली. थोड्याच दिवसांत तामारही गेली.

पुढे वादळ आलं ते तुम्हाला ओळखीचं आहे. इतिहासाच्या पुस्तकात वाचलं असेल : चंगीझखानाने पाठलाग केलेला ख्वारिझमचा जलालुद्दीन १२२१ साली सिंधू नदीत घोडा घालून भारताच्या बाजूला आला, आणि दिल्लीच्या सुलतान अल्तमशने त्याला मुत्सद्दीपणाने आसरा नाकारला. आपल्या पुस्तकातून तो तिथेच नाहीसा होतो. पण तो गेला कुठे? काही काळ पंजाब-सिंधमध्ये काढून तो इराणात परतला, माणसं जमवली, आणि नवं राज्य शोधत शोधत १२२५ साली जॉर्जियाच्या दारात उभा राहिला!

गादीवर होती तामारची मुलगी रुसुदान. फौज घेऊन गेला म्हातारा इवाने. आजच्या आर्मेनियातल्या गार्नी गावाजवळ गाठ पडली. आघाडी दिली होती शाल्वाला आणि त्याच्या भावाला. हाच तो निशाण आणणारा शाल्वा. आघाडीवर हल्ला झाला. शाल्वाने मागे निरोप धाडला, मदत पाठवा. इवाने हलला नाही. पुन्हा निरोप. पुन्हा तेच. मुख्य फौज मागे उभी, आणि समोर आघाडी कापली जात होती. शाल्वाचा भाऊ मेला, शाल्वा पकडला गेला आणि पुढे शत्रूच्या हाती मारला गेला. मग मुख्य फौजही उधळली आणि इवाने एका किल्ल्यात जाऊन बसला.

तो का हलला नाही? चौदाव्या शतकातला जॉर्जियन बखरकार सांगतो, भीतीने नव्हे, मत्सराने. शाल्वाचं नाव फार होऊ लागलं होतं. हे लिहिणारा लढाईत नव्हता, आणि हरल्यावर कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटतंच, हेही ध्यानात ठेवायला हवं. इवाने म्हातारा होता. त्याआधी पाच वर्षांपूर्वीच मंगोलांनी त्याच्या फौजेला पाणी पाजलं होतं. पुढे सापळा आहे, असंही त्याला वाटलं असेल. पण त्या दिवशी फौजेला हुकूम देण्याचा अधिकार एकाच माणसाला होता, आणि त्याने तो दिला नाही.

पुढच्याच वर्षी, मार्च १२२६मध्ये, जलालुद्दीनने त्बिलिसी घेतलं. डेव्हिडने जिंकल्याला शंभराहून थोडी जास्त वर्षं झाली होती. १२२७ साली इवाने वारला. त्याचा मुलगा अवाग अमीरस्पासालार झाला, आणि १२३६ साली मंगोल आले तेव्हा किल्ल्यात कोंडलेला अवाग त्यांना शरण गेला.

झकारियाला आर्मेनियातल्या सानाहिनच्या मठात पुरलं आहे, इवानेला अख्तालाच्या. आणि हारिच इथल्या चर्चच्या भिंतीवर दोघा भावांची दगडी शिल्पं आजही पाहायला मिळतात. चर्च १२०१ सालचं आहे, बासियानच्या लढाईच्या आदल्या वर्षीचं.